नाखविणीचा वाटा

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या कोळीवाड्यातल्या एका विधवा नाखविणीवर. झाला तो वादळाच्या पुढच्या वर्षी, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दुपारच्या भरतीला, वाळूत घातलेल्या मांडवाखाली, माइकवरून, लोक टाळ्या वाजवत असताना. तिची होडी वादळाने मोडली, पण वादळाला मी अन्याय म्हणत नाही. वादळ कोणाला विचारून येत नाही आणि जाताना फोटो काढून घेत नाही. अन्याय माणसांनी केला. त्यातली दोन माणसं फार श्रीमंत होती आणि दोघंही मनाने चांगली होती. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कोणी ते ऐकवायला नको.

मला पत्रकं लिहायची सवय. पत्रकात जागा कमी, त्यामुळे कोणाच्या चांगल्या मनाबद्दल लिहायला ओळ उरत नाही. इथे जागा आहे, म्हणून सगळंच सांगते.

आमचं घर दिवेआगरला, नारळी-सुपारीच्या वाडीत. वडील तळा गावच्या शाळेत शिक्षक. शनिवारी संध्याकाळी घरी यायचे आणि रविवारी आमच्याकडे मासळी असायची. ती मासळी घेऊन नाखवीण यायची. आम्ही तिला काकी म्हणायचो. पायरीवर टोपली उतरवायची, आधी पाणी मागायची, आणि मग आईशी भांडायला बसायची.

"काकी, हे पापलेट कालचं दिसतंय."

"कालचंच हाय ना वयनी. काल दर्यात पवत व्हतं."

नाखवीण म्हणजे नाखव्याची बायको, आणि नाखवा म्हणजे होडीचा मालक. काकीचा नवरा मी पाचवी-सहावीत असताना गेला, आजाराने. मुलगा नाही, एक लेक उरणला दिलेली. होडी राहिली. ती होडी मग तांडेलाने चालवली. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. हा काकीच्या नवऱ्याबरोबर वर्षानुवर्षं समुद्रात गेलेला. त्याच्या हाताखाली तीन खलाशी. काकी कधी होडीत बसून गेली नाही, बायका जातच नाहीत. तरी तिला कोणी विचारलं, तू काय करतेस, तर ती म्हणायची, "मासेमारी." आणि ते खरं होतं. कसं खरं होतं ते समजायला वाळूवरचे वाटे पाहायला हवेत.

सुट्टीत मी तिच्याबरोबर जायचे. होडी लागली की मासळी वाळूत ओतायची. मोठी मासळी आधी बाजूला काढून ती व्यापाऱ्याला. राहिलेल्याचे सारखे ढीग घालायचे. प्रत्येक माणसाचा एक ढीग, जाळ्याचा एक, होडीचा एक. व्यापाऱ्याकडून जे येईल तेही याच हिशेबाने. आता सारखे म्हटले तरी ढीग काही सारखे होत नाहीत, एकात कोलंबी जास्त पडते, एकात नुसती बारीक मांदेली. म्हणून एकाने ढिगांकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून बसायचं. मागून दुसरा एका ढिगावर हात ठेवून विचारणार, "यो कोनाचा?" पाठमोरा बसलेला न बघता कोणाचं तरी नाव घेणार. ज्याचं नाव निघालं त्याचा ढीग. तक्रार नाही. मला पुष्कळदा पाठमोरं बसवायचे, कारण मी वाडीवाल्यांची, मला कोणाची बाजू नाही. "यो कोनाचा?" असं मागून आलं की मी समुद्राकडे बघत ओरडायचे, "होडीचा!" आणि काकी पदर खोचून पुढे व्हायची. होडीचा वाटा उचलणं हा तिचा मान होता, आणि तिचं जेवणही. उचलताना ती दर वेळी कुरकुर करायची.

"या पोरीला पुन्हा नको बसवू रे. नुसते काटेच देते मना."

"मग तूच बस ना पाठमोरी," तांडेल म्हणायचा.

"मी बसले तर सगलेच ढीग होडीचे निगतील."

एकदा वडिलांनी तिला पायरीवर सहज विचारलं होतं, लेक पैसे पाठवते का. तर म्हणाली, "लेकीचं लेकीला पुरत न्हाय, मास्तर. पन होडी मना वाटा देते. मानसं मरतात, होडी देते."

वादळ आलं ते जूनच्या सुरुवातीला. पावसाळ्याची मासेमारी बंदी नुकती लागली होती, त्यामुळे होड्या वर ओढून, पालथ्या घालून, झावळ्यांनी झाकून ठेवल्या होत्या. लाकडाची होडी उन्हात तडकते, म्हणून काकी आपली होडी दरवर्षी वनखात्याने लावलेल्या सुरूच्या बनात सावलीला ठेवायची. सगळेच ठेवायचे. सुरू पडले. पुष्कळ पडले, पण तिच्या होडीवर एकच पडला आणि तो मधोमध पडला. मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा ती त्या आडव्या खोडावरच बसली होती.

"सुरू सरकारचा," ती म्हणाली. "सरकार पडलाय माझ्या होडीवर."

आमच्या वाडीतले नारळ गेले, सुपारी तर निम्म्याहून जास्त गेली. आम्हाला उशिरा का होईना भरपाई मिळाली, कारण आमच्याकडे सातबारा होता. समुद्राला सातबारा नसतो. काकीला सरकारकडून जे मिळालं ते घराच्या छपरावर गेलं. वर्षभर तिने दुसऱ्यांकडून मासळी घेऊन विकली, बोंबील सुकवले. तांडेल आणि खलाशी दुसऱ्याच्या होडीवर गेले. पण तांडेल वाटेत भेटला की म्हणायचा, "काकी, तुझी होडी व्हऊ दे. मग बग." आणि काकी म्हणायची, "होडी झाली की तुलाच हाक मारनार, दुसरा कोन येनार या म्हातारीकडं?"

मी तोवर मदतीचं काम करणाऱ्या एका लहान संस्थेत जायला लागले होते. ताडपत्र्या वाटल्या, विहिरी उपसल्या, पत्रकं काढली. त्या संस्थेकडे एक दिवस निरोप आला की मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीचे मोठे साहेब आणि एक नामांकित क्रिकेटपटू असे दोघं मिळून किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना होड्या देणार आहेत. मांडव्याजवळ दोघांचे बंगले, शेजारी शेजारी. वादळात बंगल्यातली झाडं पडली तेव्हा साहेबांना किनाऱ्यावरच्या माणसांची आठवण झाली. असं मी म्हणत नाही. ते स्वतःच पुढे भाषणात म्हणाले.

कंपनीकडून आधी एक मॅडम आल्या. चांगल्या होत्या, उन्हात फिरत होत्या, कोणाच्या घरचं पाणी नको म्हणाल्या नाहीत. त्यांना एकच गोष्ट पक्की सांगून पाठवलेली होती: होडी प्रत्यक्ष मासेमारी करणाऱ्यालाच. मध्ये कोणी दलाल, कोणी सावकार, कोणी पुढारी येऊन होडी खाऊन जाऊ नये म्हणून. नियमात खोट काढता येणार नाही असा नियम. मी त्यांना काकीच्या दारात नेलं.

"आजी, समुद्रात तुम्ही जाता का?"

"मी कशाला जाऊ? माझी होडी जाते."

मॅडम हसल्या. मी पण हसले. मग मॅडमनी विचारलं, "म्हणजे होडीवर काम कोण करतं?" काकीने मोठ्या अभिमानाने तांडेलाच्या घराकडे बोट दाखवलं. मॅडम तिकडे गेल्या आणि यादीत त्याचं नाव लिहिलं.

मी मागून जाऊन त्यांना वाट्याचं सांगितलं. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, पाठमोरं बसणं, सगळं. त्यांनी ऐकलं. "इंटरेस्टिंग आहे," म्हणाल्या. "पण बघा ना, ही तर मालकी झाली. आम्हाला मालकांना नाही द्यायचं, कष्ट करणाऱ्यांना द्यायचंय." एका विधवेची एक होडी म्हणजे मालकी, आणि मांडव्याचा बंगला म्हणजे काय, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं. त्या म्हणाल्या, "ते वेगळं आहे."

होड्या आल्या त्या फायबरच्या, पांढऱ्या, कडेला निळा पट्टा. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, जिथे आमच्याकडे देवीचं नाव असतं किंवा कोणाच्या आईचं, तिथे त्या खेळाडूच्या जर्सीचा नंबर. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कार्यक्रम ठरला. दुसऱ्या दिवशी पूजा होऊन होड्या दर्यात जाणार, म्हणून. वाळूत मांडव घातला, वाळूवर हिरवा गालिचा अंथरला, आणि त्या गालिच्यावरून चालताना सगळ्यांचे पाय रुतत होते.

खेळाडू खरोखर आला. फोटोत दिसतो त्यापेक्षा उंच, आणि फोटोत दिसतो त्यापेक्षा लाजाळू. प्रत्येक कोळ्याशी त्याने हात मिळवला. नुसता लावला नाही, मिळवला. तांडेलाला त्याने विचारलं, "दादा, तुम्ही किती वाजता निघता?"

"ते भरतीला विचारा," तांडेल म्हणाला.

तो मोकळेपणाने हसला. मला तो आवडला. हेही लिहायला हवं.

साहेबांनी भाषण केलं. मग माइक खेळाडूकडे दिला. त्याने होडीच्या काठावर हात ठेवला, दुसरा हात तांडेलाच्या खांद्यावर, आणि म्हणाला, "आजपासून ही होडी तुमची. आता तुम्ही कोणाचे नोकर नाही. मालक तुम्ही."

हेच ते वाक्य. दिवस आणि वेळ वर दिली आहे.

काकी मांडवाच्या कडेला बायकांत उभी होती. तिनेही टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, हे बोलायचं असतं, म्हणून बोलले. लग्नात नाही का म्हणत, मुलगी आजपासून तुमची. म्हणून काय आईबाप तिला विसरतात? असं ती मला नंतर म्हणाली.

मग सूत्रसंचालकाने होडीच्या मालकीणबाईंना ओटी भरायला बोलावलं. नवी होडी पाण्याला लागायच्या आधी तिची ओटी भरतात, हळदकुंकू लावतात. आतापर्यंत काकीच्या होडीची ओटी तांडेलाची बायकोच भरायची, नवरा गेल्यापासून, पण काकीने सांगायचं आणि तिने भरायची अशी रीत. त्या दिवशी तांडेलाच्या बायकोचं नाव थेट माइकवरून आलं. ती जागची हलेना. खण-नारळाचं ताट हातात, आणि मान मागे काकीकडे. साहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "या ना, लाजू नका." फोटोवाला गुडघ्यावर बसला होता.

"जा गो," काकी म्हणाली. "भर ओटी. होडीनं काय केलंय?"

ती गेली. फोटो आला. तो फोटो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल, फार फिरला.

पौर्णिमा झाली, होड्या दर्यात गेल्या. पहिली मासळी आली त्या दिवशी मी किनाऱ्यावर होते. काकी टोपली घेऊन आली होती, नेहमीच्या जागी उकिडवी बसली होती. ढीग घातले. एका खलाशाला पाठमोरं बसवलं. तांडेल ढिगावर हात ठेवत गेला. "यो कोनाचा?" एकाचा, दुसऱ्याचा, जाळ्याचा. मग हात ठेवला आणि पाठमोरा खलाशी सवयीने ओरडला, "होडीचा!"

कोणी पुढे झालं नाही.

काकी उठली नव्हती. तांडेलाची बायको आली होती, तीही उठली नाही. तांडेल ढिगावर हात ठेवून तसाच वाकलेला. कावळे जवळ येत होते. मागे वळून बघायची परवानगी नसते म्हणून तो खलाशी समुद्राकडे बघत पुन्हा एकदा ओरडला, "होडीचा रे!"

तांडेल सरळ झाला. "यो वाटा बाजूला ठेवा," म्हणाला. "बरफात घाला. मांडव्याला न्यायचाय."

आता याला कोणी भाबडेपणा म्हणेल. मला तसं वाटत नाही. कोळीवाड्यात होडी कोणाची, हे माइकवरून ठरत नाही. ज्याने होडी वाळूवर आणून ठेवली, होडीचा वाटा त्याचा. तांडेलाने ती विकत घेतली नव्हती, बापाकडून त्याला आली नव्हती. ठेवली होती साहेबांनी आणि खेळाडूने. मग वाटा त्यांचा. "त्यांचा वाटा न काढता होडी चालवली तर ती चोरी," तो म्हणाला. "उद्या दर्यात काय झालं तर कोनाला तोंड दाखवू?" मला म्हणाला, "तू चल. तुना त्यांच्यासारखं बोलता येतं."

थर्माकोलची पेटी, वर पापलेट, खाली कोलंबी, मांदेली. मासळीच्या टेम्पोत बसून आम्ही निघालो. दिघीहून गाड्या नेणाऱ्या बोटीने खाडी ओलांडली, मुरूड, रेवदंडा, अलिबाग. मांडव्याच्या रस्त्याला लागल्यावर दोन्हीकडे नुसत्या भिंती. तांडेल म्हणाला, "हिकडं दर्या हाय का नक्की? दिसत न्हाय." तो बाहेर बघतच राहिला. माणसं धक्क्यावर उतरतात आणि समुद्र पाठीमागे टाकून या भिंतींच्या आत जातात, याचं त्याला नवल वाटत होतं.

फाटकावरच्या माणसाने पेटी उघडून बघितली आणि फोन केला. साहेब घरी होते. स्वतः बाहेर आले, चप्पल न घालता आले. तांडेलाला ओळखलं. पेटी बघून त्यांचे डोळे भरून आले, हे मी पाहिलं.

"अरे, एवढ्या लांब? कशाला त्रास घेतलात?"

"होडीचा वाटा," तांडेल म्हणाला.

"हो, हो. तुमचं प्रेम आहे हे." साहेबांनी आत हाक मारली, पत्नी आल्या, पेटी मध्ये ठेवून सगळ्यांचा फोटो काढला. मी मध्ये बोलले. म्हटलं, साहेब, ही भेट नाही. हा मालकाचा वाटा आहे, ते तुम्हाला मालक समजतात. साहेब माझ्याकडे बघून हसले, जसं घरातल्या आगाऊ मुलीकडे बघतात तसं. आणि तांडेलाचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "हे बघा, आम्हाला काही नको. पुन्हा असं आणायचं नाही. जे येईल ते सगळं तुमचं. मुलींना शिकवा."

आम्हाला चहा दिला, बिस्किटं दिली. कोळ्यांची कृतज्ञता, अशा मथळ्याखाली तो फोटो संध्याकाळपर्यंत सगळीकडे गेला.

परतताना खाडीच्या बोटीवर तांडेल रेलिंगला टेकून उभा होता. "साहेब बोलले वाटा नको," तो म्हणाला. "मग वाटा कोनाचा?"

"काकीचा," मी म्हटलं. "मोडली तिची. त्याच्या बदली ही आली."

"मना म्हाईत हाय ते. पन मी कसा देऊ? साहेब बोलले सगलं तुमचं. माझ्या बायकोनं ऐकलंय माइकवर, सगल्या वाड्यानं ऐकलंय. आता मी काकीला वाटा काढला तर मी माझ्या पोरींच्या तोंडचं काढून दिलं. न्हाय काढला तर दर्या बगतोय." मग म्हणाला, "त्यांनी एकदा म्हनावं. होडी ज्यानं ठेवली त्यानं सांगायचं असतं, वाटा कोनाचा. ते बोलले, नाखविणीचा वाटा काढ, तर उद्यापासून काढतो. मग घरात पन कोन बोलनार न्हाय."

एक वाक्य. तेवढंच अडलं होतं, आणि तेवढंच अजून अडलं आहे.

मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, लोकल वादात कंपनी पडत नाही. मी म्हटलं, वाद कंपनीने आणलाय, होडीबरोबर. त्या म्हणाल्या, "आपण असं करू का, त्या आजींना वेगळी काहीतरी मदत देऊ? शिलाई मशीन वगैरे?" काकीच्या बोटांना वर्षानुवर्षांचे कोलंबीचे काटे लागलेले. मी फोन ठेवला. खेळाडूपर्यंत पोचायचा प्रयत्न केला, तर त्याच्या फोटोंचं काम बघणाऱ्या माणसापर्यंत पोचले. तो म्हणाला, खूप छान इनिशिएटिव्ह होता तो.

तांडेलाच्या बायकोकडेही गेले. ती बोंबील उलटे करत होती. माझं बोलणं तिने पुरतं होऊ दिलं नाही.

"इतकी वरसं होडीचा वाटा दुसऱ्याच्या घरात गेला. दर्यात कोन जायचा? माझा नवरा. रात रात जागी कोन बसायची? मी. आता आमच्या दारात होडी आली तर तुझ्या का पोटात दुखतं?" आणि मग, हात न थांबवता, "तुमच्या वाडीत नारल पाडायला जो चढतो, त्याला देता का झाडाचा वाटा?"

देत नाही. मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग जा."

तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तिला पण एक होडी हवी होती, आणि तीही रास्त मागणी होती. दोन घरं एका होडीवर जगत होती. वादळाने होडी नेली आणि दानाने दोनातलं एक घर. कोणतं घर ठेवायचं ते ज्यांनी ठरवलं त्यांना आपण काही ठरवतोय हेच माहीत नव्हतं.

तांडेलाने आपल्यापरीने वाट काढून बघितली. एक दिवस सगळे वाटे उचलून झाल्यावर त्याने आपल्या ढिगातले चार पापलेट आणि ओंजळभर कोलंबी काकीच्या टोपलीत टाकली. "खा काकी," म्हणाला.

काकीने ती मासळी एकेक करून बाहेर काढली आणि वाळूवर त्याच्या पायाशी ठेवली. चिडली नव्हती.

"वाटा दे," ती म्हणाली. "खायला नको देऊ. मी भिकारीन न्हाय, नाखवीन हाय."

"काकी, मी काय करू?"

"तू काय करनार? तू पन दानातलाच."

तिथल्या बायका हसल्या. तांडेलही हसला, पण त्या दिवसापासून त्याची होडी आमच्या किनाऱ्याला लागेनाशी झाली. खाडीच्या पलीकडच्या धक्क्यावर लावायला लागला. वाटे तिकडेच होतात. धक्का सिमेंटचा, तिथे ढीग घालतात की नाही, पाठमोरं कोणी बसतं की नाही, मला माहीत नाही. मी एकदा त्याला बाजारात गाठून विचारलं, डिझेल जास्त जळत असेल ना, एवढ्या लांब? तो म्हणाला, "जलतं. तिच्यासमोर वाटे घालवत न्हाईत मना."

काकी अजून येते आमच्या पायरीवर, दुसऱ्याकडून घेतलेली मासळी घेऊन. पण ती मासळी तिच्या होडीची नसते, आणि तिला ते सांगावंसं वाटतं. परवा आई नेहमीप्रमाणे म्हणाली, "काकी, हे पापलेट कालचं दिसतंय." मी कान टवकारले.

"असंल वयनी," ती म्हणाली. "मना काय म्हाईत. मी विकत आनलंय."

त्या होडीचा नंबर उन्हाने जरा फिका झालाय, पण लांबून वाचता येतो. दर वर्षी नारळी पौर्णिमेला तो जुना फोटो कोणीतरी पुन्हा फिरवतं. खालच्या हृदयांत आणि नमस्कारांत तुमचेही काही असतील.

म्हणून आता तुमच्याशी बोलते. तुम्ही खेळाडू नसाल, साहेबही नसाल, पण त्या वादळानंतर किंवा त्याच्या नंतरच्या कुठल्या वादळानंतर तुम्ही कोकणात काहीतरी दिलं आहे. होडी, जाळं, पत्रे, इंजिन, कंपनीतर्फे, सोसायटीतर्फे, शाळेच्या जुन्या वर्गातर्फे. दिलंत, फोटो काढलात, निघून आलात. परत जा. ज्याला दिलंत त्याच्याकडे नंतर जा, आधी ज्याचं मोडलं त्याच्या दारात जा आणि विचारा की ते मोडण्याआधी त्याच्यावर कोणकोण जगत होतं. मग ओहोटीला वाळूवर उभे राहा, मासळी ओतली जाईल तेव्हा. आणि जिथे तुम्ही "सगळं तुमचं" म्हणाला होतात तिथेच, तेवढ्याच मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगा: होडीचा वाटा नाखविणीला काढा. फोनवर नको, मॅडमकरवी नको. माइक लागणार नाही. स्वतः जा आणि सांगा.